नियम तिसरा

मोटारवेडे चार पुरुष दर रविवारी जमले की किस्से आपोआप साठतात. आमच्या लोणावळ्याच्या मंडळींचे इतके झालेत, की बाळाच्या दुपट्यांसारखे घड्या घालून ठेवावे लागतात!

साठ सालानंतरची गोष्ट. भातकापणी झाली की कार्ल्याला आबा नावाच्या शेतकऱ्याच्या शेतातल्या सरळ रस्त्यावर पाव मैलाची शर्यत व्हायची. दोन गाड्या शेजारी शेजारी. आबांनी उपरणं खाली केलं की सुटायचं. मी कडेला, आमची दीड वर्षाची लेक चिमी कडेवर. तिच्या कानांत कापूस, माझा जीव मुठीत.

*

माझं अक्षर बरं, म्हणून नियमांची वही माझ्याकडे. एकाने वजन कमी करायला मागची सीटच घरी ठेवली, तेव्हा मी तिसरा नियम लिहिला : 'गाडी कंपनीतून निघाली तशीच हवी.'

पहिली अडकले मीच! आमच्या गाडीत चिमीची झोळी बांधलेली. चौघांतले दातांचे डॉक्टर खिडकीतून डोकावले. "वहिनी, झोळी कंपनीने दिली का?"

झोळी सोडावी लागली.

*

पुढच्याच रविवारी या डॉक्टरांनी विलायती गाडी आणली. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा सुपरचार्जर! आबांनी त्याचं नाव ठेवलं 'भाता'. आमचे हे निम्म्या वाटेत, तोवर डॉक्टर पोचून गॉगल पुसत होते.

"ही चक्क लबाडी आहे!" हे म्हणाले.

"कंपनीनेच बसवलाय. हे पुस्तक बघ. आणि नियम तुझ्याच बायकोचा!"

तांदूळ तीनदा निवडणारी बाई मी; पण खुद्द कंपनीच असले उद्योग करेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

*

ह्यांनी आबांकडे दाद मागितली. आबा बैलगाड्यांच्या शर्यतीतले जुने.

"खोंड जनमल्यापास्नं दुधावर वाढला, त्यात चोरी कसली?"

"पण आबा, आमचा बैल गवतावरचा!"

"मंग त्येच्यासंगं पळवता कशापायी?"



*

शेवटी ताणलं. ह्यांचं म्हणणं, "भाता राहिला तर मी येणार नाही." डॉक्टरांचं, "काढला तर मी नाही." बाकीचे दोघे म्हणाले, "नियम वहिनींचा, निकालही त्यांचाच." माझ्या एका ओळीने रविवार मोडायची पाळी! पेन्सिलीचं टोक चावून चावून संपवलं.

"लिवू नका बाई," आबा म्हणाले. "आदी दोगास्नी गाड्या बदलून पळू द्या."

उपरणं खाली आलं. विलायती गाडी सुसाट गेली; हे जिंकले, तेही कितीतरी अंतराने! परत येऊन उतरले ते केस सावरत, बॉनेटवर प्रेमाने हात फिरवत.

"काय ओ, लबाडी हाय का न्हाई?" आबांनी विचारलं.

"तसं बघितलं तर... कंपनीनेच दिलंय, तर आपण कोण अडवणार?"

तेवढ्यात आमची गाडी धापा टाकत आली. डॉक्टरांनी उतरून धाडकन दार लावलं.

"ही चक्क लबाडी आहे! वहिनी, तो तिसरा नियम आधी खोडा!"