न आलेल्या लाटेची पायरी

बेटाच्या धक्क्यावर एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी साडेसहाला तीन ओळी लिहिल्या जातात: उष्मा, सरी, समुद्र. गेली अठ्ठावीस वर्षं त्या एकाच माणसाच्या अक्षरात आहेत. त्यांना सगळे पायरीमास्तर म्हणतात. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही, पण सकाळ-सकाळी खडू हातात धरणाऱ्याला लोक दुसरं काय म्हणणार?

पहिल्या ओळीत फारसं काही घडत नाही. तेहतीस, चौतीस, फार तर पस्तीस. "मास्तर, आज उकडणार का हो?" असं कुणी थट्टेनं विचारलं की मास्तर म्हणत, "छे, आज वाफेवर शिजणार." दुसऱ्या ओळीवर कुणाचा विश्वास नसे, कारण बेटाच्या एका टोकाला सर कोसळत असते तेव्हा दुसऱ्या टोकाला लोक कपडे वाळत घालत असतात. सगळ्यांचे डोळे असत ते तिसऱ्या ओळीकडे. पलीकडच्या किनाऱ्यावर जाणारी लाँच तिच्यावर अवलंबून होती.

समुद्र मोजायची पद्धत जुनी आणि साधी. मास्तरांच्या केबिनमागे, उघड्या समुद्राच्या बाजूला, दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. घड्याळ लावून तिथे दहा मिनिटं उभं राहायचं आणि त्या वेळच्या पाण्याच्या वर लाटेनं किती पायऱ्या भिजतात ते मोजायचं. चारपर्यंत लाँच बिनघोर जाते. पाचला कप्तानानं आपल्या अकलेनं ठरवायचं. सहा म्हणजे लाँच बंद, मग कुणी कितीही हातापाया पडो.

मास्तर मुळातच ताकसुद्धा फुंकून पिणारे. दाराला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघत, चार पावलं गेल्यावर परत येऊन तिसऱ्यांदा ओढत. दहा मिनिटं मोजून झाली की त्यांना अकराव्या मिनिटाची काळजी लागे. एखादी मोठी लाट अजून वाटेतच असली तर? म्हणून ते तिच्या नावानं एक पायरी वाढवून सांगत. चार भिजल्या तर पाच, पाच भिजल्या तर सहा. वहीतही तेच लिहीत. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

लाँचचा कप्तानही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पहिल्याच वर्षी त्यानं मास्तरांची खोड ओळखली. मास्तरांच्या पाचाला तो मनातल्या मनात चार धरी आणि खुशाल दोर सोडी. दोघं रोज एकाच बाकावर चहा पीत, जगातल्या सगळ्या विषयांवर भांडत, पण या एका गोष्टीबद्दल त्यांच्यात कधी अक्षर निघालं नाही. एकानं एक वाढवायचा, दुसऱ्यानं एक वजा करायचा, आणि माणसं सुखरूप ये-जा करत होती.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या बायकोची किडनी निकामी झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार लाँचनं पलीकडच्या इस्पितळात जायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनला लागून राहायचं आणि संध्याकाळच्या लाँचनं परत यायचं. मास्तरांना फळा सोडून जाता येत नसे. पण टपाल आणायला टपालवाला रोज त्याच लाँचनं जाई, तो वहिनींची पिशवी धरी आणि त्यांच्या शेजारी बसून दोन तास तोंडाचा पट्टा चालू ठेवी. "वहिनी, तुम्ही ऐकलं नाहीत तरी चालेल, मला फक्त बोलू द्या," असं तो आधीच सांगून टाकी.

त्या मंगळवारी पाच पायऱ्या भिजल्या. मास्तरांनी नेहमीप्रमाणे सहा लिहिलं आणि लाँच बंद राहिली.  बायकोनं भरलेली पिशवी परत खुंटीला अडकवली. बुधवार संध्याकाळपर्यंत तिचे पाय चपलेत मावेनात, चेहरा ओळखू येईना, आणि आडवं झालं की श्वास कोंडे, म्हणून रात्र तिनं खुर्चीत बसून काढली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "उद्या काहीही करून आणा. शनिवारवर टाकू नका."

गुरुवारी मास्तर उजाडायच्या आत पायऱ्यांवर गेले. आभाळ खाली आलं होतं, वारा पडला होता आणि अंगाला घाम चिकटत होता. त्यांनी दहा मिनिटं मोजलं. पाच. पुन्हा दहा मिनिटं मोजलं. पुन्हा पाचच. मंगळवारी होता तसाच्या तसा समुद्र.  आज जन्मात पहिल्यांदा त्यांना त्या अकराव्या मिनिटाच्या लाटेचा राग आला.

पुढच्या बाजूला, आडोशाच्या पाण्यात, लाँच भरत होती. कप्तान दोराशी उभा होता. त्याला तिथून पायऱ्या दिसत नाहीत, समुद्र दिसतो तोही धक्क्याच्या आतला, साळसूद.

"काय मास्तर, किती?"

"पाच," मास्तर म्हणाले, आणि फळ्याकडे जाऊन त्यांनी पाच लिहिलं.

त्यात अक्षरही खोटं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी सांगितलेला हा पहिला खराखुरा आकडा. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात शिरून त्याचं चार होणार, हे सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. असल्या खऱ्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर त्यापेक्षा मंगळवारचं खोटं बरं.

बायकोला हात देऊन त्यांनी लाँचमध्ये चढवलं. "किती आहे?" तिनं विचारलं.

"पाच."

तिनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. तेवढ्यात टपालवाल्यानं तिची पिशवी काढून घेतली आणि, "चला वहिनी, मंगळवारचंही बोलायचं राहिलंय," म्हणत तिला बाकावर नेऊन बसवलं. सव्वीस माणसं घेऊन लाँच निघाली.

तासाभरानं सरी आल्या, आणि त्यांच्या मागून वारा. मास्तर पुन्हा पायऱ्यांवर गेले तेव्हा सातवी पायरी भिजत होती. ते केबिनमध्ये येऊन फोनसमोर बसले.  फोन साडेदहाला वाजला. लाँच पोचली होती. मास्तरांची बायको मशीनला लागली होती. एका माणसाला लागलं होतं, टपालवाल्याला.

बायको दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. सूज उतरली होती, श्वास मोकळा होता. कपड्यांवर पुढच्या बाजूनं मोठे तपकिरी डाग होते. तिनंच सगळं सांगितलं. उडतं पाणी तिच्या अंगावर येत होतं, म्हणून टपालवाला ताडपत्री बांधायला उठला. लाँच एकदम खाली आदळली आणि ताडपत्रीचा लोखंडी आकडा त्याच्या डोळ्यात घुसला. पुढचा तासभर त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. "तेव्हासुद्धा बोलतच होता," ती म्हणाली. "म्हणे, वहिनी, घाबरू नका, पत्ता एका डोळ्यानंही वाचता येतो." डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी डोळा काढला.

सोमवारी बंदराचे साहेब चौकशीला आले. वहीत पाच, फळ्यावर पाच. पाचला निघायचं की नाही हा निर्णय कप्तानाचा, तेव्हा दोष कप्तानाचा. त्याचा परवाना सहा महिन्यांसाठी काढून घेतला. जाताना साहेबांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "तुमची नोंद मात्र चोख हं." मास्तरांना वाटलं, याहून थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

संध्याकाळी कप्तान घरी आला. खुर्ची पुढे केली तरी दारातच उभा राहिला.

"वहिनी कशा आहेत?"

"बरी आहे."

"मास्तर, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही पाच सांगितलंत, पाचच होतं. मीच दीडशहाणा. इतकी वर्षं तुमच्या आकड्यातून एक वजा करत आलो. वाटायचं, मास्तर भित्रे, वाढवून सांगतात." त्यानं खाली पाहिलं. "तुमच्यावर उगाच शंका घेतली. माफ करा."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते एवढंच, "असू दे, असू दे." कप्तान ओटा उतरून गेला.

आतल्या खोलीत बायको खुर्चीत बसली होती. मधे पडदा तेवढा होता, सगळं ऐकू जात होतं.

"मंगळवारीही पाचच होतं ना?" तिनं विचारलं.

मास्तर उगाच दाराची कडी ओढून बघू लागले.

"अहो, एवढी वर्षं संसार केला तुमच्याबरोबर. भातालासुद्धा एक मूठ जास्तीची घालायला लावता. मला कळत नाही होय?"

"तू हातची गेली असतीस गं."

"गेले असते कदाचित." तिनं पडदा बाजूला सारून त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचंच मास्तरांना भय वाटलं. "पण त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझ्यासाठी पुन्हा असं खरं बोलू नका."

 मास्तर अनवाणीच बाहेर पडले. कप्तान गल्लीच्या टोकाला पोचला होता. मास्तरांनी त्याला हाक मारली तेव्हा शेजारच्या दोन खिडक्यांतून माणसं डोकावली, पण मास्तर थांबले नाहीत. धापा टाकत त्याच्यापाशी गेले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तू एक वजा करतोस ते. पहिल्या वर्षापासून माहीत होतं."