मुख्यालयी मुक्काम
कारागृहाच्या क्वार्टरमध्ये एक शिपाई माझ्या शेजारी राहायचा. म्हणजे कागदावर राहायचा. ड्युटी सुटली की तो वडवणीची एसटी धरायचा. तिथं वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांना कुशीवर वळवणारं दुसरं कुणी नव्हतं. नियमानं आम्हाला क्वार्टर सोडून राहता येत नाही. म्हणून तो गणवेशाचा जादा जोड दोरीवर टाकून, खोलीची किल्ली माझ्याकडं देऊन जायचा आणि सांगायचा, "संध्याकाळी तेवढा दिवा लावा, दादा. साहेबाला वाटावं, गडी घरीच हाय."

बोलायचा लई हळू. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचा, स्वतःच्या रिकाम्या खोलीचंसुद्धा.

यंदा आम्हा दोघांपैकी एकाला बदलीवर नागपूरला जायचं होतं. साहेबांनी मला विचारलं, "तो मुक्कामी असतो ना?" माझी मुलगी बारावीला होती. मी म्हणालो, "रात्री दिसत नाही, साहेब."

आदेश त्याचा निघाला. वडिलांना जीपमध्ये घालायला त्यानं मलाच वडवणीला बोलावलं. डोक्याकडून त्यानं धरलं, पायांकडून मी. म्हातारा कण्हत होता.

"एवढा लांबचा प्रवास सोसंल का यांना?" मी विचारलं.

"बगू. हितं कुणाच्या भरवशावर ठिवू?" मग वडिलांच्या कानाशी वाकून म्हणाला, "अण्णा, ह्या दादांनी साहेबापाशी सांभाळून घेतलं, म्हणून बदलीवर भागलं. न्हाईतर घरीच बसवलं असतं."

म्हाताऱ्यानं माझ्यापुढं हात जोडले. मी जीपचं दार लावून घेतलं.