पाहुण्यांसाठी टाकलेला सडा

मित्रांनो, आज सकाळी अंबाजोगाईतल्या आमच्या वस्तीत एका फाउंडेशनच्या मॅडम आल्या होत्या. या दुष्काळात आमच्या संस्थेला पाण्याच्या टाकीसाठी अनुदान द्यायचं का, ते बघायला.

पाहुण्यांवर धूळ उडू नये म्हणून शेजारच्या कौसाबाईंनी टँकरचं राखून ठेवलेलं पाणी घेऊन सडा टाकला, रांगोळी काढली. मला शाळेत घोकलेल्या कवितांतलं अंगण आठवलं.

ओल्या अंगणाकडे बघत मॅडम म्हणाल्या, "इथं तर पाणी आहे की! आधी दुसऱ्या वस्त्या बघू." आम्ही खरं काय ते सांगेपर्यंत त्या गाडीत बसल्या होत्या.

"गुरुजी, पाव्हण्याला काय धुळीत बसवायचं व्हतं का?" कौसाबाईंनी मला विचारलं.

अंगण केव्हाच वाळलंय.

तुम्ही कौसाबाईंना काय सांगितलं असतं?