कूलर आणि चारशे अठ्ठ्याहत्तर मिनिटं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे — हसण्याजोगं अर्धं. उरलेलं तुम्हाला सांगतो.

अमरावतीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी मी अकोल्यात घरून काम करतो, सात जणांची टीम सांभाळतो. आमची मिनिटं लॅपटॉपच मोजतो. ड्युटी चारशे ऐंशी मिनिटांची. माऊस थांबला, की मिनिटं रिकामी. माझी रोज चाळीसेक जायची — विचार करताना माऊस कोण हलवतो?

एप्रिलमध्ये कूलरकडे बघताना सुचलं! त्याच्या पट्ट्या डावी-उजवीकडे फिरतात ना? पट्टीला दोरा, दोऱ्याला माऊस, परत ओढायला पलीकडून रबर. चाललं! मी खुर्चीतून उडालोच. रोज चारशे अठ्ठ्याहत्तर — दोन मुद्दाम सोडायचो, खरं वाटावं म्हणून. मीटिंगमध्ये साहेबांनी माझा आकडा सगळ्यांना वाचून दाखवला. काय फुललो होतो मी!

मग टीममधली वैशाली हिवरखेडहून लॅपटॉप बदलून घ्यायला — टीमचे जादा लॅपटॉप माझ्याकडेच असायचे — भरदुपारी माझ्या घरी आली. माऊस टेबलावर नाचत होता, आणि मी खाली बसून आंबा चोखत होतो.

“सर, कूलर ड्युटी करून राहिला अन् तुमी आंबे खाऊन राहिले? मले बी शिकवा ना!” ती पोट धरून हसली. बायको हसली. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. जाताना वैशाली म्हणाली, “कोणाले सांगत नाही, सर.”

तिने सांगितलंही नाही. पण मी धास्तावलो — आज सांगेल? उद्या?

हिवरखेडला लाइट गेली, की तिचं नेट जायचं. ती लगेच फोनवरून मेसेज करायची. मी ‘वीज नव्हती’ अशी नोंद केली, की तिची मिनिटं भरून निघायची. एक क्लिक. त्या महिन्यात तिचे अकरा मेसेज आले. मी एकाचीही नोंद केली नाही. विसरलो? छे! रोज तिचा आकडा उघडून बघायचो, तो घसरताना छाती धडधडायची — आणि ती भीतीची धडधड नव्हती. दोरा बांधला त्या दिवशीची होती.

महिनाअखेर साहेबांनी सर्वांत कमी मिनिटांचं नाव मागितलं. एकाला काढायचं होतं. मी आकड्यासकट तिचं नाव पाठवलं. बेरीज दोनदा तपासून.

तिचा फोन आला. कूलरबद्दल तेव्हाही चकार शब्द नाही. एवढंच विचारलं, “सर, माहे मेसेज भेटले नव्हते का?”

“नाही,” मी म्हणालो.

भेटले होते. अकराच्या अकरा.