‘नाही’चं ‘नाय’ कुणी केलं?

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आवाज हाच माझा धंदा होता. हेडफोनमध्ये कुणी कण्हल्यासारखं वाटलं तर आधी अर्थिंग तपासायचं, कुजबुज आली तर वायर हलवून बघायची... आयुष्यभर हेच केलं. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही. पण पूर्ण वाचा. यात एक जाहीर खोटं आहे आणि ते मी बोललो आहे.

औरंगाबादेत — आता छत्रपती संभाजीनगर, माझ्या जिभेला अजून सवय व्हायची आहे — क्रांती चौकापासून जवळच, समर्थनगरात आमचं घर. मागच्या दोन खोल्यांत माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. भजनं, कोचिंग क्लासच्या जाहिराती, निवडणुकीत रिक्षावर लावायची गाणी, असली कामं. तिथे बजाजनगरची चार पोरं यायची. त्यांच्या बँडचं नाव ‘गैरहजर’. गिटारी कर्कश आणि गाणारा रडवेला, या प्रकाराला ती ‘इमो’ म्हणायची. माझी बायको चहा घेऊन आली की हळूच विचारायची, “अहो, त्या पोराचं पोट दुखतंय का?”

ते ‘पोर’ म्हणजे भागवत. घराणं मेंढपाळांचं, फर्दापूरकडचं. वडील वाळूजला कंपनीत लागले म्हणून बजाजनगरात आले. गाणी तोच लिहायचा, तोच गायचा. पूर्वीचे दोन अल्बम कुणी विचारले नव्हते. तिसरा करायला आले तेव्हाच म्हणाले, “काका, हा शेवटचा. यानंतर सगळे कामाला लागणार.”

अल्बमचं नाव आणि शेवटचं गाणं एकच होतं — ‘मी इथं नाय’.

मी भागवतला थांबवलं. म्हणालो, “इथं नाय काय? ‘मी इथे नाही’ म्हण. गाणं पुण्या-मुंबईत ऐकतील. हसतील.”

खरं सांगतो, घरी मीसुद्धा ‘इथं’च म्हणतो. पण तरुणपणी पुण्यात रेडिओच्या निवेदकाच्या परीक्षेला बसलो होतो. तिथे माझा पहिलाच ‘इथं’ ऐकून दोघे परीक्षक एकमेकांकडे बघून हसले होते. ते हसू मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलं आणि त्या दिवशी भागवतच्या हातात दिलं.

ड्रमवर इम्रान होता. तो भडकला. “काका, ‘नाय’ पे मेरा ठोका गिरता है. ‘नाही’ बोल्या तो गाना लंगडा होता ना!”

“तू वाजव. भाषेचं मी बघतो.”

“हौ, अब ये बातम्या पढेगा,” असं म्हणून इम्रान काड्या टाकून बाहेर गेला.

भागवत मात्र भांडला नाही. मान खाली घालून पुन्हा पुन्हा गायला. जुनी सवय मधेच यायची, मी हात वर करायचो, तो “सॉरी काका” म्हणायचा. शेवटी स्वच्छ ‘मी इथे नाही’ मिळालं. आधीचे सगळे टेक मी पुसून टाकले. त्या स्वच्छ टेकमध्ये प्राण नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं... कान होते ना मला. तरीही तोच ठेवला. सीडीच्या कव्हरवर माझ्याच अक्षरात ‘मी इथे नाही’ लिहिलं. अल्बम इंटरनेटवरही टाकला. कुणी ऐकला नाही. बँड संपला.

मधे बरीच वर्षं गेली. स्टुडिओ बंद झाला. आणि यंदा पुण्याच्या एका तरुणाचा फोन आला. विस्मरणात गेलेल्या बँडवर तो कार्यक्रम करतो, पोरं मोबाइलवर ऐकतात. म्हणाला, “सर, तुम्ही ग्रेट आहात. त्या काळात तुम्ही ती बोली तशीच राहू दिलीत. ‘मी इथं नाय’ ऐकून रडायला येतं.”

मला वाटलं, याची काहीतरी गल्लत झाली असेल. ते मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण म्हातारपणी कुणी सर म्हणत नाही हो... मी म्हणालो, “हो, माझा तसा आग्रहच होता.” ते रेकॉर्ड झालं, हजारो लोकांनी ऐकलं. हेच ते खोटं.

फोन ठेवला आणि गाणं लावलं. भागवतचा आवाज आला — ‘मी इथं नाय’. स्पष्ट. ‘नाय’वर इम्रानचा ठोका बरोबर पडत होता.

बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, “नायच म्हणतोय की. तुम्ही बदलायला लावलं होतं ना?”

जुना कॉम्प्युटर काढून मूळ फाइल उघडली. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. ‘नाही’ म्हटलं की तिला दोन फुगवटे येतात, ते दोन फुगवटे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितले होते. आता तिथे एकच होता. मग कपाटातली सीडी काढली. फाइल कुणी बदलली असेल असं म्हणता येईल, पण एकदा भरलेली सीडी कोण बदलणार? कव्हरवर माझं ‘इथे नाही’, आत त्याचं ‘इथं नाय’.

आपलंच डोकं फिरलंय का, म्हणून इम्रानला फोन केला. तो आता पैठण गेटला टायर विकतो.

“काका, भूल गए क्या? आपने ‘नाही’ बुलवाया. मैं इसीच बात पे बाहर गया था.”

“मग आता ऐक.” फोन गाण्याजवळ धरला. गाणं संपलं. तो म्हणाला, “काका, ये तो ‘नाय’ है... भागवत को सुनाओ.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच बजाजनगरला गेलो. वाटेत ठरवलं होतं, आधी माफी मागायची, मग ऐकवायचं. त्याची गोष्ट त्याला परत मिळाली आहे, एवढं तरी त्याला सांगता येईल.

भागवतने दार उघडलं. केस मागे सरकलेले, कंपनीचा शर्ट. “या काका, इथे बसा.”

‘इथे’. म्हणजे आता साधं बोलतानाही.

त्याची आई भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. माफी बाजूला राहिली, मी मोबाइलवर गाणं लावलं. तो डोळे मिटून ऐकत होता. म्हातारीचे हात थांबले.

संपल्यावर मी विचारलं, “शेवटची ओळ काय ऐकलीस?”

“‘मी इथे नाही.’ तुम्ही शिकवलं तसंच आहे की.”

“नीट ऐक रे.” पुन्हा लावलं. पुन्हा. तो शांतपणे म्हणाला, “काका, नाहीच आहे.”

“व्हय रं?” आई म्हणाली. “नाय म्हणतोयस की. माझ्यावाणी.”

“आई, ‘नाय’ नाही. ‘नाही’. किती वेळा सांगू?” तिला दटावून तो माझ्याकडे वळला आणि हसला. “राग मानू नका. लई... म्हणजे, फार हट्टी आहे ती. पण काका, तुमचे उपकार आहेत. तुम्ही त्या दिवशी वळण लावलं म्हणून आज मीटिंगमध्ये मला कोणी हसत नाही.”

मी माफी मागायला गेलो होतो. त्याने उठून माझ्या पायांना हात लावला.

आईने मान खाली घातली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

पुण्याच्या त्या तरुणाला मी खरं काय ते कळवलं आहे. तो म्हणतो, सर, तुम्ही विनयाने बोलता. म्हणून इथे लिहितो — ती बोली मी राखली नाही, पुसली. पुसलेलं परत आलं. कसं आणि कुठून, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि जमलं तर हेही सांगा, की सगळ्या जगाला ऐकू येणारा तो आवाज ज्याचा आहे, त्या एकट्यालाच का ऐकू येत नाही...