ढोबळे मॅडम आणि माझी लकी कांडी

चंदीगडच्या आमच्या प्रयोगशाळेत ढोबळे मॅडमनी कुणाचं अभिनंदन केल्याचं मला आठवत नाही. कितीही भारी निकाल घेऊन जा, चष्मा कपाळावर चढवून त्या विचारणार, "रिकामं चालवून पाहिलं का?" म्हणजे मुख्य पदार्थ न घालता. इतकी वर्षं पंजाब्यांत राहूनही मराठी पोरगा दिसला की त्यांचं नागपूर बाहेर यायचं.

मी सांगलीचा, आणि स्वतःबद्दल माझं मत फार चांगलं. पाण्यात एक पांढरी भुकटी ढवळायची, वरून प्रकाश सोडायचा, की थोडा हायड्रोजन निघतो. भुकटीवर प्लॅटिनमचे अणू एकेक सुटे बसवले, तर पुष्कळ निघतो. माझा तर धो धो निघाला! मित्र ओरडले, "यार, पार्टी पक्की!" शिष्यवृत्ती संपत आलेली, हाताशी हा एकच पेपर. तिकडे आईनं पेढे वाटून टाकले.

मॅडमनी वही चाळली. "नुसत्या भुकटीचा हायड्रोजन कोणत्या कांडीनं मोजला?"

ढवळायला कॅप्सूलएवढी चुंबकाची कांडी लागते. "नव्या," मी ऐटीत म्हणालो. "प्लॅटिनमवाल्याला मात्र माझी लकी."

लकी म्हणजे कपाटात सापडलेली, चार सीनियरांनी वापरलेली, करड्या डागांची. परीक्षेला जुनं पेन नेतात तशी मी ती जपायचो. शास्त्रज्ञ म्हणे!

"काय करून राहिला रे बाप्पा! त्याच कांडीनं नुसती भुकटी चालव."

मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोललो आणि चालवली. हायड्रोजन जवळजवळ तेवढाच! माझे अणू बिचारे निवांत बसले होते. काम करत होतं कांडीच्या चऱ्यांत अडकलेलं सीनियरांचं प्लॅटिनम.

मी अक्षरशः रडलो. मॅडमनी खणातून एक बाटली काढली. आत तशीच डागाळलेली कांडी.

"ही माझी. माझा पेपर तर छापून आला होता."

"मग?"

"मग काय, पत्र लिहिलं. परत घेतला. तुझा अजून घरातच आहे ना? नशीबवान आहेस."

नव्या कांडीनं सगळं पुन्हा केलं. हायड्रोजन थोडासाच वाढला, पण खरा होता. पेपर उशिरा आला, लहानशा नियतकालिकात. आईनं या खेपेला पेढे वाटले नाहीत.

मॅडम निवृत्त होऊन नागपूरला निघाल्या, तेव्हा ती बाटली माझ्या हातात दिली. माझीही कांडी त्यांनी गुपचूप आत टाकून ठेवली होती. त्यांची फार आठवण येते. मग मी बाटली उजेडात धरतो. दोन्हींत माझीच जास्त काळी आहे.