लिनबाईंचं ‘येते हां’

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी चहा घ्यायला उठतो. एसी डक्टिंगवाला माणूस मी — कुठे आवाज आला की आधी सैल स्क्रू शोधणार! तरी हे लिहितोय...

आम्ही दुबईत, इंटरनॅशनल सिटीत राहतो. शेजारी लिनबाई — चिनी, साठीच्या, ड्रॅगन मार्टमध्ये दिव्यांचं दुकान. रोज संध्याकाळी अरहू वाजवायच्या. म्हणजे चिनी सारंगीच, पण तारा दोनच. सुरुवातीला मी वैतागून भिंत ठोकायचो. आज त्याची लाज वाटते.

मग सांगलीहून आई आली आणि दोघींची गट्टी जमली. भाषेच्या नावाने बोंब! पण आई पाळणा म्हणायची, लिनबाई तो तारांवर उचलायच्या. निघताना त्या "आय गो" म्हणाल्या की आई दटावायची, "जाते म्हणू नये हो, येते म्हणावं." तेव्हापासून दारात चपला घालताना ठसक्यात — "येते हां!"

यंदा त्या ऑपरेशनसाठी चीनला निघाल्या. अरहू आमच्याकडे ठेवलं — तारा सैल करून, तारांखालची घोडी काढून फडक्यात गुंडाळून, पेटीत. माझी आठ वर्षांची इरा रडकुंडीला आली. तिला शिकवायचं कबूल केलं होतं ना! लिनबाईंनी तिचा गाल ओढला. "येते हां."

एका रविवारी दुपारी बेडरूममध्ये, सांगलीला परतलेल्या आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. एकदम हॉलमधून पाळणा वाजायला लागला... दुसऱ्या ओळीत आई जिथे दम घेते, तिथेच थांबत.

"अगंबाई, लिनबाई आल्या वाटतं!" आई खूश.

"बाबा, शी इज बॅक!" इरा धावली.

हॉलमध्ये कुणी नाही. अरहूची पेटी उघडली. तारा लोंबत होत्या, घोडी फडक्यातच. शेजारच्या दाराला कुलूप. मी डक्टसुद्धा उघडून पाहिला.

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा मेसेज आला. त्याची आई आमच्या दुपारच्याच सुमारास गेली. शेवटी सारखं ‘येते, येते’ म्हणत होती, हा कुठला शब्द?

मी ‘गुडबाय’ टाइप केलं. मग खोडलं आणि लिहिलं, ‘आय अ‍ॅम कमिंग.’

तारांना ताण नसताना सूर कसा निघाला, हे मला आजही सांगता येत नाही. इराला लिनबाई गेल्याचं सांगितलं. तिने अरहूच्या पेटीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "बट बाबा... शी डिड कम, ना?"

"हो गं," मी म्हणालो. "आल्या होत्या."